गाडी, बातमी आणि शेअर

तिगावहून पांढुर्ण्याला येऊन सावनेरमार्गे नागपूर गाठायचे तर शंभर किलोमीटरच्या थोडे वर पडतात. येऊन-जाऊन दोनशे दहा-वीस धरा. पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके मध्य प्रदेशात आहेत आणि ५ ऑक्टोबर २०२३ पासून त्यांचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हाही झाला आहे. तरी मोठा दवाखाना, मुलांचे कॉलेज, लग्नाचा बस्ता, संत्र्याचा बाजार अशा कामांसाठी इथला माणूस नागपूरकडेच बघतो. त्यामुळे विजेवरच्या गाडीविषयी इथे पहिला प्रश्न येतो तो साधा आणि रास्त असतो: एकदा चार्ज केली की नागपूरला जाऊन परत येईल का?

जानेवारी २०२० मध्ये टाटांची नेक्सॉन ईव्ही बाजारात आली. किंमत १३ लाख ९९ हजारांपासून पुढे. बॅटरी ३०.२ किलोवॉट-तासांची, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत तिच्यात ३०.२ युनिट वीज मावते. जाहिरातीतला आकडा होता ३१२ किलोमीटर. हा आकडा खोटा नव्हता, पण तो तिगाव-नागपूर रस्त्यावरचा नव्हता. पुण्याची एआरएआय ही संस्था गाडी रोलरवर चढवून ठरलेल्या क्रमाने चालवते. वेग कधीच ९० च्या पुढे जात नाही, सरासरी तर त्याहून कितीतरी कमी, आणि एसी बंद. खऱ्या महामार्गावर, चार माणसे, सामान आणि एसी घेऊन अशी गाडी एका युनिटला सातेक किलोमीटर जाते असे धरून चालावे. ३०.२ ला ७ ने गुणले की २११. म्हणजे २०२० ची ती गाडी घेऊन नागपूरहून परतणारा तिगावकर घराच्या दारात किंवा दाराच्या थोडा अलीकडे थांबला असता. ४५ युनिटांची नवी नेक्सॉन २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आली. तिचा प्रमाणित आकडा ४८९ किलोमीटर, आणि प्रत्यक्षात साडेतीनशेच्या आसपास मिळतील असे कंपनीने स्वतःच सांगायला सुरुवात केली. आपल्या सातच्या हिशेबाने ३१५ येतात. चार वर्षांत तिगावच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’वरून ‘हो’वर आले, ते या बॅटरीमुळे.

उलट दिशेला निघालात तर हिशेब आणखी रंजक होतो. तिगावच्या पुढे सातपुड्याचा चढ लागतो. नागपूर-इटारसी लोहमार्गावरचा तिगाव ते चिचोंडा हा टप्पा घाटाचाच आहे, आणि वर मुलताईचे पठार, जिथे तापी उगम पावते. पांढुर्ण्यापासून मुलताईपर्यंत उंची अडीच-तीनशे मीटरनी वाढते. माणसांसह १,८०० किलोंची गाडी एवढ्या उंचीवर न्यायला लागणारी ऊर्जा शाळेतल्या सूत्राने काढता येते. वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची केले की उत्तर दीड युनिटाच्या आत येते. रस्ता कापायला लागणारी वीज वेगळी. हा फक्त चढाचा दंड. पेट्रोलची गाडी घाट उतरताना ब्रेक तापवून ही ऊर्जा हवेत सोडून देते. विजेच्या गाडीची मोटर उतारावर जनित्र होते आणि त्यातला बराच भाग बॅटरीत परत भरते. त्याच घाटात रेल्वेची नव्या पिढीची विद्युत इंजिने उतारावर वीज तारेत परत पाठवतात. आपल्या गावावरून रोज जाणाऱ्या गाडीत जे तंत्र आहे, तेच या मोटारीत आहे. त्यात परके काही नाही.

अडचणी आहेत, पण त्या चर्चेत नेहमी ऐकू येतात तिथे नाहीत. पहिली अडचण घरातल्या अर्थिंगची. पंधरा अँपिअरच्या सॉकेटवरून गाडी तासाला साधारण तीन युनिट घेते, म्हणजे ४५ युनिटांची बॅटरी रिकामी असेल तर रात्र पुरत नाही, पंधरा तास लागतात. अर्थिंग बरोबर नसेल तर चार्जर सुरूच होत नाही, आणि संध्याकाळी व्होल्टेज पडले की वेळ आणखी लांबतो. गाडी बुक करण्याआधी चांगला वायरमन बोलावून वेगळी लाइन आणि नवे अर्थिंग करून घेणे हा खर्च गाडीच्या किमतीतच धरावा. शेतीच्या पंपाच्या जोडणीवर गाडी लावण्याचा विचारही करू नये. त्या विजेचा दर शेतीसाठी आहे आणि तिच्या वेळा आपल्या हातात नसतात.

दुसरी अडचण उन्हाची. विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. बॅटरी पूर्ण भरून उन्हात दिवसेंदिवस उभी करणे हे तिचे आयुष्य कमी करण्याचा खात्रीचा मार्ग आहे. लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारच्या बॅटऱ्या उष्णता तुलनेने चांगली सोसतात. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या बॅटऱ्या कमी वजनात जास्त वीज साठवतात, पण त्यांना थंडावा जास्त लागतो. शोरूममध्ये रंग आणि टचस्क्रीन पाहण्याआधी हा एक प्रश्न विचारा: बॅटरी कोणत्या प्रकारची, आणि ती थंड कशाने होते, हवेने की द्रवाने?

मग पैशांचे काय? पेट्रोल दोन्ही राज्यांत शंभरीच्या वर आहे. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या गाडीचा खर्च किलोमीटरला सात रुपये. घरची वीज आठ रुपये युनिट धरली तरी विजेच्या गाडीचा खर्च सव्वा रुपयाच्या आत. किलोमीटरमागे पावणेसहा रुपये वाचतात. वर्षाला १५,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे त्यात ८५ हजार वाचतील आणि पेट्रोलच्या गाडीपेक्षा वर मोजलेले तीन-चार लाख चार वर्षांत वसूल होतील. वर्षाला ५,००० किलोमीटर फिरणाऱ्याला तेवढ्यासाठी दहा-बारा वर्षे लागतील. म्हणजे ‘विजेची गाडी परवडते का’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. ज्याची गाडी रोज धावते त्याला परवडते. जी अंगणात कापडाखाली उभी राहते, ती परवडत नाही.

आणि गाडी विकायची वेळ आली तर? इथे विजेच्या गाडीला तिच्याच प्रगतीचा फटका बसतो. २०१० च्या सुमारास बॅटरीची किंमत युनिटमागे हजार डॉलरच्या वर होती. ब्लूमबर्ग-एनईएफच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये ती ११५ डॉलरवर आली. नवीन ग्राहकाला हा आनंद आहे, जुन्या मालकाला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये बॅटरी स्वस्त झाल्याचे कारण देऊन टाटांनी नेक्सॉन ईव्हीची किंमत १ लाख २० हजारांपर्यंत आणि टियागो ईव्हीची ७० हजारांपर्यंत उतरवली. ज्याने जानेवारीत गाडी घेतली होती, त्याच्या गाडीची किंमत ती दारात उभी असतानाच तेवढी खाली आली. गाडी ही वापरून संपवायची वस्तू आहे. तिच्यावर घातलेल्या पैशाला गुंतवणूक म्हणणाऱ्या सेल्समनचे ऐकू नये. तो खर्च आहे, आणि चांगला खर्च असू शकतो.

आता बातम्यांकडे वळू. नागपूरच्या वाचकाला या विषयाचा एक धडा स्वतःच्या शहरात मिळालेला आहे, आणि तो विसरला गेला याचे मला वाईट वाटते.

२६ मे २०१७ ला नागपुरात केंद्रीय मंत्री नितीन गडकरी आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते देशातला अशा प्रकारचा पहिला विद्युत वाहतूक प्रकल्प सुरू झाला. टॅक्सी, ई-रिक्षा, बस असे सगळे मिळून २०० वाहने, त्यांत महिंद्राच्या शंभर ई-टू-ओ प्लस मोटारी. प्रवासी मिळवून देणारी कंपनी ओला. चार ठिकाणी पन्नासच्या वर चार्जिंग पॉइंट. गुंतवणूक ५० कोटींच्या वर. देशभरातल्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर फोटो आले. त्याच वर्षी २०३० पर्यंत देशात फक्त विजेच्या गाड्या विकल्या जाव्यात अशी भाषा दिल्लीत सुरू होती, त्यामुळे नागपूर म्हणजे उद्याच्या भारताची झलक, असा सूर सगळ्यांनी लावला.

पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला रॉयटर्सचे बातमीदार नागपुरात आले आणि ओलाच्या २० विद्युत टॅक्सीचालकांशी बोलले. त्यांतल्या डझनाहून अधिक जणांनी गाडी परत केली होती किंवा परत करून डिझेलकडे वळण्याच्या बेतात होते. चार्जिंगसाठी तासन्‌तास रांगा लागत होत्या आणि खर्च भागत नव्हता. यात नवल काहीच नव्हते. ती छोटी मोटार एका चार्जमध्ये शंभर-सव्वाशे किलोमीटर जाणारी. टॅक्सी दिवसभरात त्याहून जास्त धावते, त्यामुळे भर दुपारी, धंद्याच्या वेळी, तिला चार्जरवर उभे राहावेच लागणार. एसी लावला की अंतर आणखी घटणार. उद्घाटनाच्या दिवशी कोणत्याही बातमीदाराने एका टॅक्सीवाल्याला दिवसाचे किलोमीटर विचारले असते, तर पहिल्या पानावरच्या बातमीत हा अडथळा आधीच छापून आला असता. उद्घाटनाची बातमी सगळ्यांनी छापली. त्यानंतरच्या महिन्यांत चालकांचे काय झाले, हे पाहायला फार थोडे गेले.

याच प्रकल्पाभोवती २०१७ मध्ये ओला इलेक्ट्रिक ही कंपनी उभी राहिली, आणि इथून गोष्ट मोटारीकडून शेअर बाजारात जाते. टॅक्सीचा नाद सोडून कंपनी स्कूटरकडे वळली. १५ ऑगस्ट २०२१ ला स्कूटर जाहीर झाली, तमिळनाडूत मोठा कारखाना निघाला. मार्च २०२२ मध्ये पुण्यात या कंपनीची एक उभी स्कूटर पेटली, त्याचा व्हिडिओ देशभर फिरला, आणि पुढच्या महिन्यात कंपनीने १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत मागवल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने ७६ रुपयांना शेअर विकून बाजारातून ६,००० कोटींहून जास्त उभे केले. ९ ऑगस्टला नोंदणी झाली आणि अकरा दिवसांत शेअर १५७ वर गेला. त्या अकरा दिवसांतल्या बातम्या काढून वाचा: ‘दुप्पट’, ‘आणखी किती वर’, ‘आता घ्यावा का’. स्कूटरच्या दुरुस्तीसाठी सर्व्हिस सेंटरबाहेर गाड्यांचे ढीग लागले होते, ते त्या बातम्यांत नव्हते. ऑक्टोबरमध्ये विनोदकार कुणाल कामरा यांनी अशा ढिगाचा एक फोटो टाकला, कंपनीच्या प्रमुखांशी त्यांची जाहीर बाचाबाची झाली, आणि तेव्हा कुठे तो विषय मोठ्या वर्तमानपत्रांत आला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोटीस काढली. वर्षभरात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दहा हजारांहून जास्त तक्रारी आल्याचे त्यातून पुढे आले. नोव्हेंबरपर्यंत शेअर ७६ च्या खाली गेला आणि २०२५ मध्ये पन्नाशीच्याही खाली.

फेब्रुवारी २०२५ चा प्रसंग तर प्रत्येक गुंतवणूकदाराने पाठ करावा असा आहे. कंपनीने त्या महिन्यात २५,००० च्या वर गाड्या विकल्याचे सांगितले. त्याच महिन्यात सरकारच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर तिच्या नोंदणीचा आकडा ९,००० च्याही आत होता. कंपनीने नोंदणी करणाऱ्या संस्थांशी करार बदलत असल्याचे कारण दिले, सरकारने खुलासा मागितला. कारण काहीही असो, ‘वाहन’चा आकडा कोणालाही फुकट बघता येतो. कारखान्यातून डीलरकडे गेलेली गाडी, ग्राहकाने पैसे भरलेली गाडी आणि नंबर प्लेट मिळालेली गाडी या तीन वेगळ्या मोजण्या आहेत, आणि दर महिन्याच्या १ तारखेच्या ‘विक्रीत वाढ’ छापाच्या बातम्या बहुधा पहिलीच मोजणी सांगतात.

या सगळ्याचा कळस चाकणला झाला. पुण्याजवळच्या या औद्योगिक पट्ट्यात महिंद्रा, बजाज, मर्सिडीज यांचे खरे कारखाने आहेत, त्यामुळे ‘चाकणला प्लांट’ एवढे शब्दच मराठी गुंतवणूकदाराला आश्वस्त करतात. जेनसोल इंजिनीअरिंग ही मूळची सौर प्रकल्प उभारणारी कंपनी. तिने सरकारी वित्तसंस्थांकडून ९७७ कोटींचे कर्ज घेतले. त्यातले ६६४ कोटी ६,४०० विजेच्या मोटारी घेण्यासाठी होते. या मोटारी ब्लूस्मार्ट या टॅक्सीसेवेला भाड्याने द्यायच्या होत्या. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या १५ एप्रिल २०२५ च्या अंतरिम आदेशानुसार प्रत्यक्षात ४,७०४ मोटारी घेतल्या गेल्या आणि २६२ कोटींचा हिशेब लागत नव्हता. काही पैसा प्रवर्तकांच्या खाजगी खर्चाकडे, गुरुग्राममधल्या आलिशान फ्लॅटपर्यंत वळल्याचे त्या आदेशात नमूद आहे.

पण मला त्याहून बोलका वाटतो तो याच आदेशातला चाकणचा भाग. कंपनी स्वतःची छोटी विद्युत मोटार बनवणार होती. २८ जानेवारी २०२५ ला तिने शेअर बाजाराला कळवले की दिल्लीच्या प्रदर्शनात ठेवलेल्या या मोटारीला ३०,००० गाड्यांची आगाऊ मागणी आली आहे. हे कळवणे अधिकृत होते, त्यामुळे बातम्या छापून आल्या, कारण छापणाऱ्याला ते पुरेसे होते. सेबीने कागद मागवले तेव्हा ९ संस्थांशी २९,००० गाड्यांचे सामंजस्य करार निघाले. त्यांत ना किंमत होती, ना गाडी कधी द्यायची याचा पत्ता. फक्त इच्छा व्यक्त केलेली होती. ९ एप्रिलला राष्ट्रीय शेअर बाजाराचा अधिकारी चाकणच्या कारखान्यात गेला. तिथे दोन-तीन मजूर होते आणि उत्पादन काहीच नव्हते. मग वीजबिल मागवले. वर्षभरातले सर्वात मोठे बिल दीड लाखाच्या थोडे वर. मोटारी बनवणाऱ्या कारखान्याचे महिन्याचे बिल!

हे तपासायला फक्त नागपूरहून नव्हे, तिगावहूनही कोणी जाऊ शकले असते. पुण्यात शेकडो आर्थिक पत्रकार, विश्लेषक, दलाल राहतात, आणि चाकण तिथून तासाभराच्या अंतरावर आहे. जानेवारी ते एप्रिल या काळात फाटकापर्यंत जाऊन आत मजूर किती आहेत हे बघून कोणी ठळकपणे लिहिले असते, तर अनेकांचे पैसे वाचले असते. या कंपनीत सामान्य भागधारक २०२० मध्ये दीडशेच्या आसपास होते. २०२५ पर्यंत ते लाखाच्या वर गेले, आणि त्याच काळात प्रवर्तकांचा हिस्सा ७० टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आला. म्हणजे ज्यांना आतले माहीत होते ते विकत होते आणि ज्यांच्याकडे फक्त बातम्या होत्या ते घेत होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये १,३७० च्या वर गेलेला शेअर एप्रिल २०२५ मध्ये दीडशेच्या खाली होता. ब्लूस्मार्टची सेवा त्याच आठवड्यात बंद पडली आणि दिल्ली-बेंगळुरूतले हजारो चालक बिनकामाचे झाले. गाडी चांगली होती, चालक चांगले होते, प्रवासी खूश होते. तरी शेअर घेणाऱ्याचे पैसे गेले.

उलट बाजूची चूकही तेवढीच महाग पडते. जून २०२२ मध्ये वसईत एक नेक्सॉन ईव्ही पेटली. व्हिडिओ रात्रीतून देशभर गेला आणि सरकारने चौकशी जाहीर केली, ते योग्यच होते. पण त्याबरोबर एक वाक्य कमी ठिकाणी छापले गेले: तोपर्यंत कंपनीच्या ३०,००० हून जास्त विद्युत गाड्या मिळून १० कोटींहून अधिक किलोमीटर धावल्या होत्या आणि अशी ही पहिलीच घटना, असे कंपनीने सांगितले होते. पेट्रोलची गाडी पेटल्याची बातमी जिल्ह्याच्या पानापलीकडे जात नाही. एका जळत्या गाडीचा व्हिडिओ बघून शेअर विकणाऱ्याने किंवा बुकिंग रद्द करणाऱ्याने छेद सोडून फक्त अंश बघितला.

टाटा मोटर्सचा शेअर मार्च २०२० मध्ये ७० रुपयांच्या खाली होता आणि जुलै २०२४ मध्ये ११०० च्या वर गेला. ‘नेक्सॉन ईव्हीमुळे शेअर वाढला’ असे तेव्हा चहाच्या टपरीपासून टीव्हीपर्यंत सगळे म्हणत. ताळेबंद वेगळेच सांगत होता. कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा २००८ मध्ये विकत घेतलेल्या जग्वार-लँड रोव्हरचा होता. ब्रिटन, अमेरिका आणि चीनमध्ये महाग गाड्या किती विकल्या गेल्या, यावर पुण्यातल्या भागधारकाचा नफा ठरत होता. सप्टेंबर २०२५ मध्ये सायबर हल्ल्याने त्या ब्रिटिश कारखान्यांचे काम महिन्याहून अधिक काळ थांबले, आणि इथे पंच, नेक्सॉन जोरात खपत असतानाही शेअरला त्याचा फटका बसला. पुढच्याच महिन्यात, १४ ऑक्टोबरला, शेअर ६६० वरून ४०० वर ‘कोसळलेला’ अनेकांनी मोबाइलवर पाहिला. कोसळले काहीच नव्हते. मालमोटारींचा धंदा वेगळ्या कंपनीत गेला होता आणि जुन्या भागधारकाला त्या कंपनीचा शेअर वेगळा मिळणार होता. घाबरून विकणाऱ्यांनी ही सूचना वाचली नव्हती, आणि ती कंपनीने महिने आधी दिलेली होती.

अशीच अफवा डिसेंबर २०२४ मध्ये जुन्या गाड्यांबद्दल उठली. जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी परिषदेने जुन्या विजेच्या गाड्यांच्या विक्रीवरचा कर १२ वरून १८ टक्के केला. तोट्यात गाडी विकली तरी मालकाने त्या तोट्यावर कर भरायचा, असा अर्थ लावून व्हिडिओ फिरले. खरे तर हा कर नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्याच्या फरकावर आहे. सौंसरच्या माणसाने आपली गाडी पांढुर्ण्याच्या माणसाला विकली तर त्यावर जीएसटी लागत नाही.

टेस्लाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिच्याविषयी गरजेपेक्षा जास्त लिहिले गेले आहे. २०१० मध्ये १७ डॉलरला शेअर विकणारी ही कंपनी २०२१ मध्ये लाख कोटी डॉलरची झाली. तिचे भाव गाड्यांच्या नफ्यापेक्षा तिच्या प्रमुखाच्या भविष्यकथनावर जास्त हलत आले. ऑगस्ट २०१८ मध्ये इलॉन मस्क यांनी कंपनी खाजगी करण्यासाठी पैसा तयार असल्याचे एका ट्वीटमध्ये लिहिले, शेअर उसळला, आणि पुढे त्यांना व कंपनीला प्रत्येकी २ कोटी डॉलर दंड भरून प्रकरण मिटवावे लागले. १५ जुलै २०२५ ला मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचे पहिले भारतीय दालन उघडले, गाडीची किंमत ५९ लाख ८९ हजारांपासून. त्या दिवशी मराठी वाहिन्यांनी तिला जेवढा वेळ दिला, तेवढा २०२४ मध्ये बॅटरी भाड्याने देण्याची योजना घेऊन आलेल्या एमजी विंडसरला कधी मिळाला नाही. तिगावच्या ग्राहकाला मात्र कामाची होती ती दुसरी बातमी. त्या योजनेत गाडी ९ लाख ९९ हजारांना आणि बॅटरीचे भाडे किलोमीटरला साडेतीन रुपये. वीज सव्वा रुपया आणि भाडे साडेतीन, मिळून पावणेपाच, पेट्रोलचे सात. आधी भरायचे पैसे कमी होतात, पण रोजची बचतही सव्वादोन रुपयांवर येते. हा हिशेब वाहिनीवर दोन मिनिटांत मांडता आला असता.

म्हणून या भागातल्या वाचकांना माझे सांगणे आहे. गाडी घ्यायची असेल तर टेस्ट ड्राइव्ह पांढुर्ण्याच्या चौकापुरती घेऊ नका. मे महिन्याच्या दुपारी, एसी लावून, घरची चार माणसे बसवून तीच गाडी सावनेरपर्यंत नेऊन आणू द्या असा आग्रह धरा, आणि निघताना व परतल्यावर बॅटरीचा टक्का लिहून ठेवा. डीलर नाही म्हणाला तर नागपुरात दुसरा डीलर आहे. शेअर घ्यायचा असेल तर प्रॉस्पेक्टसमधले जोखमीचे प्रकरण वाचा, ते कायद्याने छापावेच लागते आणि बाजाराच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. प्रवर्तकांचा हिस्सा वाढतो की घटतो तेही तिथेच दर तिमाहीला दिसते. हे दोन्ही वाचायला एक संध्याकाळ पुरते, आणि तेवढी संध्याकाळ देता येत नसेल तर तो शेअर घेऊ नका.